माळ्यावरचा टीव्ही गेम, जुनी डब्ल्यूडब्ल्यूएफ आणि दहा वर्षांचं पोरगं

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही मूळचे हिंगोलीचे, नोकरीला पुण्यात. दिवाळीत गावी माळा झाडताना तुमचा जुना टीव्ही गेम निघाला. सोबत काही कॅसेटा, गेमची एक गन आणि डब्ल्यूडब्ल्यूएफच्या, म्हणजे टीव्हीवरच्या अमेरिकी कुस्तीच्या, पत्त्यांचा कॅट. मशीन लावलं तर लाल लाईट लागते, पण पडद्यावर नुसता राखाडी रंग. मग मोबाइलवर कॉन्ट्रा हा जुना गोळीबाराचा गेम लावून दिला, तर दहा वर्षांच्या लेकानं पाच मिनिटांत बाजूला ठेवला. अंडरटेकर या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानाची जुनी फाइट दाखवली, तर म्हणाला, "पप्पा, हे सगळं खोटं असतं." आता तुम्ही विचारताय की मशीन दुरुस्त करावं, ती टीव्हीला लावायची हजारो गेमवाली स्टिक घ्यावी, का सगळं भंगारात घालावं.

पण शेवटच्या ओळीत तुम्ही जे सहज लिहून गेलात, "ते खरंच भारी होतं का आपणच लहान होतो?", खरा प्रश्न तोच आहे. मशीनचं काय करायचं ते त्याच्या उत्तरावर ठरतं.

माझं लातूरला गंजगोलाईजवळ टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. नव्वदीच्या दशकात त्याच दुकानाच्या अर्ध्या भागात गेम पार्लर चालवलं. आजही मराठवाडाभरातून जुनी मशीनं माझ्याकडं येतात. कुस्तीचं वेड घरातलंच, वडील तालमीतले. त्यामुळं तुमच्यासारखा प्रश्न काउंटरवर वरचेवर ऐकतो, आणि माझं मत आता पक्कं झालंय. त्या काळातल्या काही गोष्टी कारागिरीनं भारी होत्या, आणि ती कारागिरी आजही बोट ठेवून दाखवता येते. जिथं बोट ठेवता येत नाही, तिथं आपलं वय बोलतंय. लेकाला पहिल्या जातीचं द्या. दुसऱ्या जातीचं तुमचं तुम्ही जपा, त्याच्यावर लादू नका.

आधी मशीन, कारण ते सोपं आहे. लाल लाईट लागते म्हणजे करंट आत जातोय, एवढंच कळतं. पुरेसा जातोय का आणि कॅसेट वाचली जातेय का, हे दोन प्रश्न उरतात. आपल्याकडं घराघरात जी मशीनं होती ती बहुतेक निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल. फॅमिकॉम जपानात १९८३ साली आला, आणि त्याच्या तैवानी-चिनी नकला पुढची पंधरा-वीस वर्षं आपल्या बाजारात विकल्या गेल्या. बहुतेकांच्या आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो, तो अडॅप्टरचे नऊ-दहा व्होल्ट पाचावर आणतो. शेजारी एक मोठा कॅपॅसिटर असतो. वीस-पंचवीस वर्षं माळ्यावरच्या उन्हाळ्यात पडलेल्या मशीनचा तो कॅपॅसिटर डोक्यावर फुगलेला दिसला तर बदलून घ्या. काही रुपयांचं काम आहे.

मोठा घोटाळा अडॅप्टरचा असतो. मूळचा हरवला म्हणून लोक वायफायच्या राउटरचा अडॅप्टर खुपसतात. पिन बसते, म्हणून चालेल असं वाटतं. पण या मशीनांत मधली पिन काहींची निगेटिव्ह, काहींची पॉझिटिव्ह असते. उलटी पडली तर रेग्युलेटर आणि कॅपॅसिटर जातात, आणि पुढं काय काय जाईल ते नशिबावर. शिवाय बारा व्होल्टचा अडॅप्टर दिला तर वरचे सात व्होल्ट तो बिचारा ७८०५ उष्णता म्हणून सोसतो. हात लावून बघा, चटका बसतो. म्हणून मशीनच्या मागं किंवा खाली जे गोल-अर्धगोलाचं चिन्ह छापलेलं आहे ते आधी बघा. चिन्ह नसेल तर मीटर असलेल्या माणसाकडून तपासून घ्या. हे केल्याशिवाय परत चालू करू नका.

राखाडी पडदा मात्र माझ्या अनुभवात बहुतेक वेळा कॅसेटमुळंच असतो. आपण सगळे कॅसेट काढून फुंकर मारायचो, आणि मग गेम लागायचा. लागायचा, कारण काढून परत बसवताना पिना घासल्या जाऊन नव्यानं टेकायच्या. फुंकरीनं तोंडातली ओल मात्र पिनांवर बसायची, आणि तीच वर्षानुवर्षं गंज बनून राहिली. तुमच्या कॅसेटची उघडी कड उजेडात तिरकी धरा. साठ पिना असतात, तीस एका बाजूला, तीस दुसऱ्या. सोनेरी रंगावर काळपट किंवा हिरवट डाग दिसले की आजार सापडला. मेडिकलमध्ये किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. कान साफ करायच्या काडीला ते लावून पिनांवर उभं फिरवा, आडवं नको. काडी काळी होईल, नवी घ्या, स्वच्छ निघेपर्यंत करा. डाग हट्टी असेल तर शाळेचा पांढरा खोडरबर हलक्या हातानं चालतो, सॅंडपेपर कधीही नाही. मशीनच्या खाचेतही तेच करा. आपल्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ तिथं घट्ट बसते.

इतकं करून नाहीच झालं, तर मशीनच्या आतल्या बोर्डावरच्या काळ्या टिक्कीखालची चिप गेलेली असू शकते. तिथं मी ग्राहकाला स्पष्ट सांगतो की आता यावर खर्च करू नका. दुरुस्ती चार-पाचशेच्या पुढं जात असेल तर ते मशीन आठवण म्हणून ठेवा आणि खेळायला दुसरी वाट धरा.

आता टीव्ही. इथं परिस्थितीनुसार उत्तर बदलतं. तुमच्या पुण्याच्या घरातल्या एलईडी टीव्हीला पिवळ्या-पांढऱ्या वायरीचं तोंड असेल, किंवा त्याची छोटी गोल पिन असेल, तर चित्र येईल. पण बटण दाबल्यावर मारिओ किंचित उशिरा उडतो. नवे टीव्ही आलेलं चित्र आधी साठवतात, मोठं करतात, मग दाखवतात. सेटिंगमध्ये 'गेम मोड' असेल तर तो लावा, फरक पडतो. गावाकडं अजून जुना डब्बा टीव्ही असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. आपल्याकडं तर घराघरात व्हिडिओकॉन होता, कारखानाच पैठण रोडला चितेगावात. भंगारवाल्याला द्यायच्या आधी एकदा चालू करून बघा. फक्त मागचं झाकण घरी उघडू नका. पिक्चर ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागतात, आणि बंद केल्यावरही त्यातला काही भाग ट्यूबमध्ये साठून राहतो.

आणि ती गन. बदकं मारायचा गेम नव्या टीव्हीवर चालणारच नाही, आणि तो का चालत नाही हे लेकाला समजावून सांगा, त्याला नक्की आवडेल. गनमधून काहीच बाहेर जात नाही. उलट तिच्या नळीत उजेड ओळखणारा छोटा डोळा असतो. तुम्ही घोडा दाबला की पडदा एका क्षणासाठी काळा होतो, आणि लगेच फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. दोन बदकं असतील तर आधी एकाचा चौकोन, मग दुसऱ्याचा. त्या क्षणी गनच्या डोळ्याला उजेड दिसला की नेम लागला. सगळा खेळ सेकंदाच्या पन्नासाव्या-साठाव्या भागाचा. जुन्या ट्यूबवर चित्र तत्क्षणी उमटतं, म्हणून जमायचं. नव्या टीव्हीचं चित्र उशिरा येतं, तोवर मशीननं "चुकला" असं ठरवून टाकलेलं असतं. डब्बा टीव्हीवर मोबाइलच्या स्लो मोशन कॅमेऱ्यानं पडदा शूट करा. तो पांढरा चौकोन पकडता येतो. माझ्या दुकानात मोठमोठी माणसं ते बघून उभीच राहतात.

मी म्हणतो ती कारागिरी ही. १९८४ सालचा हा खेळ. भिंगाच्या आणि उजेडाच्या साध्या युक्तीवर कुणीतरी पूर्ण खेळ उभा केला.

मारिओचंही तसंच. १९८५चा सुपर मारिओ ब्रदर्स पूर्ण ४० किलोबाइटचा आहे. आज व्हॉट्सॲपवरचा गुड मॉर्निंगचा फोटो याहून मोठा असतो. एवढ्याशा जागेत सगळं बसवायचं म्हणून आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा. तुम्ही-आम्ही शेकडो वेळा खेळलो, कुणाच्या ध्यानात आलं? लेकाला विचारा, ओळखतो का. मग पहिल्या स्टेजची सुरुवात नीट बघा. कुठंही सूचना लिहिलेली नाही. समोरून एक गुबगुबीत शत्रू चालत येतो, त्याला धडकलात की मेलात, म्हणजे उडी मारायची हे कळलं. प्रश्नचिन्हाच्या डब्यातून मशरूम निघतो, उजवीकडं पळतो, पाइपला आपटून परत तुमच्याकडं येतो. त्याला चुकवायचं म्हटलं तरी तो बहुतेक वेळा अंगावर येतोच, आणि मारिओ मोठा होतो. म्हणजे हा वाईट नाही हेही न सांगता कळलं. शिकवणं न दाखवता शिकवलंय. मी पार्लरमध्ये गाडीवाल्याच्या निरक्षर पोराला पहिल्यांदा गेमचा रिमोट हातात घेऊन पुढं जाताना बघितलंय, आणि ते का जमलं ते या रचनेत आहे.

कॉन्ट्रा तुमच्या लेकाला आवडला नाही, यात दोष मोबाइलच्या काचेचा आहे. कॉन्ट्रात पळता पळता उडी, उडीत वळून गोळी, लगेच खाली झोपणं, हे अंगठ्यांना बटणाची कड लागल्याशिवाय होत नाही. काचेवर बोट कुठं आहे तेच कळत नाही, आणि एका गोळीत मरणाऱ्या गेममध्ये ते कसं चालेल? त्याच्या हातात खरा रिमोट द्या, मगच निकाल लावा. रिमोटची बटणं दबून राहत असतील तर आतल्या रबरच्या काळ्या टिकल्या झिजलेल्या असतात, त्या बदलता येतात.

दुसरं, त्याला एकट्याला खेळायला लावू नका. कॉन्ट्रा दोघांचा गेम आहे. धबधब्याची तिसरी स्टेज आठवते? दोघं वर चढत जातात, आणि वरचा गडी घाईनं उड्या मारत गेला की पडदा वर सरकतो, खालचा पडद्याबाहेर जाऊन मरतो. शत्रूनं नाही, सोबत्यानं मारला. माझ्या पार्लरमध्ये त्या स्टेजवर सख्ख्या भावाभावांत कॉलर धरण्यापर्यंत गेलेलं आहे. आणि तीच जोडी दुसऱ्या दिवशी "तू थांब, मी आलो की उडी मार" असं बोलत खेळायची. बाप-लेकानं ती स्टेज सोबत पार केली की त्याला तो गेम कळेल. तीस लाइफचा कोड सुरुवातीला देऊन टाका, संकोच करू नका. वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए. काझुहिसा हाशिमोतो नावाच्या जपानी कारागिरानं १९८६ साली ग्रॅडियस या गेमची घरगुती आवृत्ती तयार करताना, तपासायला फार अवघड जातो म्हणून तो घातला होता. नंतर कोनामी या त्याच्या कंपनीनं तो कॉन्ट्रात वापरला. इंटरनेट नसताना तो लातूरच्या गल्लीत तोंडातोंडी पोचला होता. हाशिमोतो २०२० साली गेले, तेव्हा माझ्या जुन्या गिऱ्हाइकांचे मला फोन आले होते.

पार्लरच्या मोठ्या मशीनवरचा 'मुस्तफा' तुम्ही खेळला असालच. त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमचा १९९३चा. अख्ख्या मराठवाड्यात त्याला कुणी त्या नावानं ओळखलं नाही, पिवळ्या टोपीच्या मुस्तफाच्या नावानंच कॉइन पडायची. मला आजही वाटतं की खांद्याला खांदा लावून तिघांनी खेळावा असा त्याच्याइतका चांगला गेम पुन्हा क्वचित झाला. एकाच्या हातात दोन-तीन बटणं, शत्रू सगळ्यांचा एक, आणि चिकन सापडलं की ज्याची लाइफ कमी त्यानं खायचं हा नियम पोरांनी स्वतःच केलेला.

आता बोट न ठेवता येणारं. तुमच्या त्या ९९९९९९९ गेमच्या कॅसेटमध्ये प्रत्यक्षात थोडेच गेम असतात, बाकी तेच गेम पुढच्या स्टेजपासून सुरू करून नवं नाव दिलेलं. त्यातले कितीतरी आज दोन मिनिटंही धरवत नाहीत. ते आपण खेळलो, कारण दुसरं काही नव्हतं, सुट्टी होती आणि लाईट जायच्या आत खेळून घ्यायचं होतं. त्यात काही गैर नाही. पण "तुला यात मजा कशी येत नाही?" असं लेकाला विचारू नका. टँकचा गेम चालेल, कारण त्यात स्वतःचा नकाशा बनवायची सोय आहे, आणि पोरांना ती लगेच भावते. रोड फायटर चालेल. बाकीचं त्याच्या मर्जीवर.

कुस्तीकडं येतो, कारण तिथं तुम्हाला जास्त लागलेलं दिसतंय.

"खोटं असतं" या वाक्याला माझं उत्तर असं. निकाल ठरलेला असतो, हे खरं. कंपनीनं ते लपवलेलंही नाही. १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढं डब्ल्यूडब्ल्यूएफनं स्वतःच सांगितलं की हे मनोरंजन आहे, खेळाच्या सरकारी नियमांतून आम्हाला सोडा. आपल्याकडं केबल आली ती त्यानंतर, म्हणजे आपण पहिल्यांदा बघितलं तेव्हा गुपित तिकडं फुटलेलं होतं. गावच्या जत्रेत दोन पैलवानांनी नूरा, म्हणजे आधी ठरवून, कुस्ती केली तर लोक चिडतात, आणि चिडायलाच पाहिजे, कारण तिथं खऱ्या कुस्तीचा शब्द दिलेला असतो. टीव्हीवरच्या त्या रिंगणानं शब्द दिलाय गोष्टीचा. सोंगाड्या राजाचं सोंग घेतो म्हणून तमाशा खोटा ठरत नाही.

आणि अंग तर खरंच असतं. रिंगची जमीन म्हणजे लोखंडी सांगाडा, वर लाकडी फळ्या, पातळ फोम आणि ताणलेलं कापड. पडणारा गडी हनुवटी छातीला लावतो, पाठ सपाट टेकवतो आणि दोन्ही हात आपटतो, म्हणजे मार एका जागी बसत नाही. उचलला जाणारा स्वतः उडी मारून उचलणाऱ्याला मदत करतो. १९८७च्या रेसलमेनियात हल्क होगननं आंद्रे या अवाढव्य पैलवानाला उचललं, ते आपण कॅसेटवर तोंड उघडं ठेवून बघितलं. आंद्रेचं वजन जाहीर केलेलं ५२० पौंड, म्हणजे जवळपास २३६ किलो, आणि त्याची पाठ आजारानं गेलेली होती. त्यानं स्वतःला उचलू दिलं, तेही दुखणं घेऊन. हे कळल्यावर ती कुस्ती मला आणखी मोठी वाटायला लागली. ओवेन हार्ट हा पैलवान १९९९ साली कॅन्सस सिटीत रिंगणावर दोरीनं उतरताना वरून पडला आणि गेला. लेक मोठा झाला की हेही सांगा, म्हणजे "खोटं" हा शब्द तो जपून वापरेल.

लेकाला दाखवताना अंडरटेकरपासून सुरुवात केलीत, तिथं माझं मत वेगळं आहे. अंडरटेकरची जादू आपल्यासाठी अफवांत होती. तो सात वेळा मेला आणि परत आला असं आपण शाळेत शपथेवर सांगायचो. अक्षय कुमारनं १९९६च्या चित्रपटात खऱ्या अंडरटेकरला उचललं हेही. तो मार्क कॅलवे, म्हणजे खरा अंडरटेकर, नव्हताच, ब्रायन ली नावाचा दुसरा पैलवान होता. अफवेशिवाय, अंधाऱ्या वर्गात रंगवलेल्या गोष्टींशिवाय, आजच्या पोराला त्याचं हळूहळू चालणं संथ वाटणारच. हे आपल्या वयाचं आहे, त्याच्या माथी मारू नका.

त्याऐवजी रेसलमेनिया तीनमधली रँडी सॅव्हेज विरुद्ध रिकी स्टीमबोट लावा. त्याच रात्रीची, होगन-आंद्रेच्या आधीची. पंधरा मिनिटांच्या आतबाहेर. सॅव्हेज प्रत्येक डाव आधी बसून लिहून काढणारा माणूस, आणि ते त्या लढतीत दिसतं. एकही क्षण रिकामा नाही. किंवा २० मार्च १९९४ची ब्रेट हार्ट विरुद्ध ओवेन हार्ट, भाऊ विरुद्ध भाऊ. रक्त नाही, खुर्च्या नाहीत. धाकट्याला मोठ्याच्या सावलीतून बाहेर पडायचंय, एवढी एक गोष्ट आहे आणि ती एकही शब्द न कळता कळते. तुमच्या लेकाला भाऊ-बहीण असेल तर अजूनच. डब्ल्यूडब्ल्यूईनं (डब्ल्यूडब्ल्यूएफचंच आताचं नाव) स्वतःच यूट्यूबवर जुन्या लढतींचं चॅनल काढलंय, तिथं अधिकृत जुनं बरंच सापडतं.

जून १९९८ची मॅनकाइंड आणि अंडरटेकरची पिंजऱ्यातली लढत मात्र दाखवू नका. मॅनकाइंडला सोळा फुटांवरून टेबलावर फेकला ते ठरवलेलं होतं, पण नंतर पिंजऱ्याच्या छताची जाळी तुटून तो रिंगणात पडला ते ठरलेलं नव्हतं. त्या काळातल्या कार्यक्रमांत बायकांना ज्या तऱ्हेनं दाखवलं जायचं तेही लेकासोबत बसून बघण्यासारखं नाही. योकोझुनाला जपानी सुमो म्हणून आणलं, तो मुळात सामोअन वंशाचा. परदेशी माणूस म्हणजे खलनायक, हा त्यांचा सोपा हिशोब होता, आणि तो आज मला खटकतो. आवडत्या गोष्टीतलं न पटणारं न पटणारं म्हणूनच सांगावं. पोरं त्यानं जास्त विश्वास ठेवतात.

गादीवर उड्या मारून डाव करून बघणं पूर्ण बंद ठेवा. मान आखडून घ्यायची सवय त्या लोकांना वर्षानुवर्षांच्या सरावानं लागते. अंगाची हौस असेल तर तालमीत घाला.

तालमीचं नाव निघालंच आहे तर सांगतो. खोट्या-खऱ्याचा वाद तुमच्या घरी मिटवायचा असेल तर लेकाला जत्रेतली दंगल दाखवा. तुम्ही हिंगोलीचे, मार्गशीर्षात लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा तुम्हाला जवळ आहे. हलगी वाजायला लागली की मधे मोकळ्या जागेत जोड लावतात. आधी त्याच्याच वयाची पोरं रेवड्यांवरच्या कुस्त्या खेळतात, मग नारळावरच्या, मग इनाम वाढत जातं. दोन्ही खांदे टेकले की चितपट, वाद नाही. एकदा मातीच्या कडेला बसला आणि ढाक हा डाव लागताना तो "हुप्" असा श्वास बाहेर पडलेला कानानं ऐकला, की टीव्हीवर काय रंगवलंय आणि कशाच्या जोरावर रंगवलंय हे त्याचं त्याला कळेल.

आणि हे आपल्या मातीतलं आहे हेही सांगा. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९चे महाराष्ट्र केसरी, १९७०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण. पाटोद्याचा राहुल आवारे २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण आणि पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्य. तुमच्याकडं जो पत्त्यांचा कॅट निघालाय, त्यात रँक, उंची, वजन, छाती, दंड असे रकाने आहेत ना? कोऱ्या पुठ्ठ्यावर लेकाकडून आपल्या पैलवानांचे पत्ते बनवून घ्या. माझ्या भाच्यानं बनवलेत, आणि आकडे शोधता शोधता त्याला जे कळलं ते मी शिकवून कळलं नसतं.

राहिली ती स्टिक. तिच्यातले हजारो गेम परवान्याचे नसतात, हे माहीत असून घ्यायची तर घ्या. तिच्यासोबतचे बिनतारी रिमोट बहुधा हलके निघतात आणि बटण उशिरा लागतं, म्हणजे मोबाइलचीच तक्रार परत. घरी कॉम्प्युटर असेल तर कोनामीनं २०१९ साली कॉन्ट्राचे जुने गेम एकत्र करून विकायला काढलेत, त्यात तुमचा घरगुती कॉन्ट्रा आणि त्याचा दुसरा भागही आहे. चांगला यूएसबी रिमोट आणि तो संच, मला हा सरळ मार्ग वाटतो. तुमचं मशीन साफसफाईत सुरू झालं तर मात्र आधी तेच, डब्बा टीव्हीवर, गावी, दिवाळीच्या सुट्टीत.

म्हणून घाई न करता एवढं करा. मशीनखालच्या चिन्हाचा आणि अडॅप्टरच्या लेबलचा फोटो इथं टाका, जोड बरोबर आहे का ते मी सांगतो, तोवर प्लग लावू नका. कॅसेटच्या पिना साफ करा. आणि कॉन्ट्रा लागला तर पहिल्या स्टेजला मागच्या जंगलाकडं बघून मला कळवा. झाडांची पानं हलताना दिसली तर तुमच्याकडं जपानी आवृत्तीची कॅसेट आहे. तिच्यात जास्तीची चिप असते, पुढच्या बर्फाच्या स्टेजला बर्फही पडताना दिसतं, आणि अमेरिकी आवृत्तीत हे दोन्ही नाही. तशी निघाली तर ती कुणालाही विकू नका.